गुणाबाईच्या पवनचक्कीला माझी ना-हरकत

टोकावडे,
मे २००६

ती. धर्मादादास,

सरस्वतीचा नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला का? आमच्याकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

शेजारच्या गुणाबाईच्या मुलाने, जगदीशने, गच्चीवर लोखंडी खांब उभारून पवनचक्की बसवली. वीज दुपारी जाते ती रात्री उशिरा येते (आली तर). साऱ्या आळीत अंधार आणि गुणाबाईकडे दिवा, पंखा, टीव्हीवर मालिका. मला त्याचं काही नाही. पण सगळी आळी तिच्या ओटीवर जाऊन बसते, आणि सर्वांत पुढे आमचे हे. (घरी मी सुपाने वारा घालते, तो यांना लागत नाही.)

म्हणून मी सहज ग्रामसेवकाच्या कानावर घातलं, की अशा गोष्टीला परवानगी लागत असेल. तो भला माणूस पाहायला आला. मोबाईलच्या टॉवरचा नियम त्याला ठाऊक होता, पाण्याच्या टाकीचाही होता, पवनचक्कीचा नव्हता. गुणाबाईच्याच पंख्याखाली चहा पीत त्याने बराच विचार केला आणि सांगितलं, खांब पडला तर ज्याच्या अंगणात पडेल त्याची ना-हरकत आणा, तोवर पाती बांधून ठेवा. आणि खांब पडणार आमच्या अंगणात. दादा, लग्नानंतर एवढा आनंद मला पहिल्यांदाच झाला.

गुणाबाई आली. म्हणाली, "सही दे गो. आमी काय परके नाय."

मी म्हटलं, "खांब माझ्या डोक्यात पडला तर?"

"तू तर घराबाहेर पडत नायस. एकदा तरी आलीस आमच्याकडं टीव्ही बघायला?"

"बोलावलंस कधी?"

ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुला आवडायचं नाय."

मी तरी सही दिली नाही. पण पाती बांधल्यावर साऱ्या आळीला उकडायला लागलं, आणि उकाडा जणू मीच पाडला होता. नळावर कोणी बोलेना. हे भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. शेवटी सही केली. त्या संध्याकाळी गुणाबाईने मला हाताला धरून नेलं आणि पंख्याखाली बसवलं. वारा फार छान लागतो रे. बसल्या बसल्या आधीपेक्षा जास्त जळले.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
सरस्वती

ता. क. सही देण्याआधी मी गुणाबाईचीही ना-हरकत घेतली आहे, आमचा खांब तिच्या अंगणात पडला तर म्हणून. वाशिंदला तुझ्या ओळखीचा कोणी पवनचक्की बसवणारा असेल तर लगेच पाठव.

आणखी ता. क. आमच्या घराला चिंचेच्या झाडाचा आडोसा आहे, चक्की फिरायची नाही, असं हे म्हणतात. नाही फिरली तरी चालेल. खांब गुणाबाईच्या खांबापेक्षा उंच हवा.