कापशाची लोकर

कारखान्याचा तळ,
४ मार्च १९७३

ती. गहिनीदादास मुक्ताचा सा. न. वि. वि.

ऊसतोड चालू आहे, आम्ही पाचटाच्या कोपीत खुशाल आहोत. उन्हाळ्यात गार वाटावं म्हणून तू माझ्या कापशाचे केस मुळापासून कातरलेस, आणि ते मोठ्या कौतुकाने कळवतोस! मुकादमाने कुत्रं ट्रकमध्ये चढू दिलं नाही म्हणून तुझ्या भरवशावर ठेवलं, चूक माझीच. अरे, पांढऱ्या कुत्र्याची कातडी आतून गुलाबी असते, केस हेच तिचं छप्पर. तू स्वतः टोपीशिवाय शिरूरच्या बाजाराला कधी गेलास का? आता निदान त्याला दुपारचं सावलीत ठेव, पाणी ठेव, जवळ ओलं पोतं अंथर.

लोभ असू द्यावा, म्हणजे कापशावर. माझ्यावर नसला तरी चालेल.

तुझी मुक्ता

१७ मार्च

चि. सौ. मुक्तास अनेक आशीर्वाद.

मी लोकर संस्थेचा चेअरमन आहे, केसांतलं मला तू शिकवू नयेस. पाठ जरा भाजली होती, ती आता सोलली आहे. कानांच्या टोकांना फोड आहेत आणि दोन दिवस भाकरीला तोंड लावलेलं नाही. लिंबाचा पाला शेळ्यांना घातला, त्यामुळे अंगणात सावली नाही. ती संस्थेच्या ओसरीत आहे, पण तिथे कुत्रं बांधलं तर सभासद काय म्हणतील?

कळावे, राग नसावा.

गहिनीनाथ

२८ मार्च

ती. दादास सा. न.

वत्सलावहिनींचं पत्र आलं, सगळं कळलं. दिवाळीपासून गावातली मेंढरं गंगाथडीला चरायला गेलेली. तपासणीचा साहेब आला तेव्हा संस्थेत सरकारी कात्र्या होत्या आणि लोकर नव्हती. म्हणून पोत्यात दाखवायला माझं कुत्रं कातरलंस, आणि मला लिहिलंस की त्याला गार वाटावं म्हणून! साहेबाने पोत्यात हात घालून माल बरा आहे म्हटलं म्हणे. धन्य तो साहेब आणि धन्य तुझी संस्था. मुक्या जिवाच्या अंगाची सालं निघाली तेव्हा तुझी खुर्ची शाबूत राहिली. पट्टा पडून कारखाना बंद झाला की मी त्याला घेऊन जाईन. तोवर तो जगला पाहिजे, एवढंच मागते.

मुक्ता

१४ एप्रिल

चि. मुक्तास आशीर्वाद.

वहिनीने लिहिलं ते खरं आहे. मी खोटं लिहिलं.

साहेब परत येणार म्हणून परवा संचालकांची बैठक झाली. त्यांतला बंकट मला म्हणाला, "केसं आले न्हाई का परत? कातर की बे." केस जेमतेम बोटभर आलेत. मी कात्री घेऊन कापशाजवळ गेलो. वाटलं होतं, पळेल, निदान गुरगुरेल. तो आपण होऊन माझ्यापुढे आडवा झाला आणि कातरायला सोपं जावं म्हणून कूस वर केली.

मुक्ता, माझ्याच्याने झालं नाही. खुर्ची बंकटला दिली. कापशा आता भाकरी खातो. तू ये आणि त्याला घेऊन जा, मला त्याच्याकडे बघवत नाही.

गहिनीनाथ