मागच्या चाकाची डिस्क

८ नोव्हेंबर

जूनपासून एक ओळ नाही. आजारी नव्हते, कामाचा डोंगरही नव्हता. नुसता कंटाळा. वहीची माफी मागून सुरू करते.

थंडी सुरू झाली की दोन्ही माउंटन बाइक माझ्याकडे — माझी आणि दादाची. त्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टमध्ये सायकल मावत नाही. माझ्याकडे जिन्याखाली जागा आहे आणि पुसापुशीची हौसही. रविवारी दोघांनी टेकडीवरून चिखल घेऊन यायचा, शनिवारी मी तो काढायचा. दादा चिडवतो, "इन्स्पेक्टरबाई, सायकल चालवायची असते. तिला न्हाऊमाखू घालायचं नसतं."

२२ नोव्हेंबर

आठवडाभर धुकं. दोन्ही चेनवर तांबूस गंज — मागच्या वेळी नीट वाळवल्या नव्हत्या, चूक माझी. ब्रशने घासून काढल्या. या वेळी तेल स्प्रेचं आणलंय. बाटलीतून थेंब थेंब सोडत बसण्यापेक्षा पटकन होतं. दादाच्या चेनवर सढळ हाताने मारलं. थोडं जास्तच झालं असेल, पण गंजापेक्षा बरं.

२३ नोव्हेंबर

दादा पडला. टेकडीच्या उतारावर, दुसऱ्या वळणाला. मी मागेच होते. वेग फार नव्हता. गळ्याजवळचं हाड मोडलंय, उजवीकडचं. सहा आठवडे हात झोळीत.

२५ नोव्हेंबर

दादाकडे जाऊन आले. वहिनी मला ऐकवत होती, त्याला नाही. "पन्नाशी उलटली. आता तरी जमिनीवर चाल म्हणावं." एरवी तो उलट काहीतरी बोलला असता. आज मान डोलावली.

ती आत गेल्यावर म्हणाला, "डाव्या हाताने ब्रेक दाबला गं मी. म्हणजे दाबला असं वाटलं. हाताने ऐकलंच नाही बहुतेक."

मागचा ब्रेक डाव्या हाताला आहे. मी म्हटलं, चिखल होता, कोणीही घसरलं असतं.

"चिखलातच तर चालवतो आपण. ती सायकल देऊन टाक कोणाला तरी. माझं झालं."

२९ नोव्हेंबर

द्यायचीच तर स्वच्छ द्यावी म्हणून दादाची सायकल काढली. मागच्या चाकाच्या डिस्कला, ब्रेक जिला धरतो त्या चकतीला, बोट लागलं — तेलकट. ब्रेकचे पॅड काढून पाहिले, तेही तेलाने चकचकीत. पुन्हा बसवले, चाक फिरवलं, ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं.

स्प्रे आऱ्यांमधून पलीकडे उडालाय. डिस्कला तेल लागू द्यायचं नाही, हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. माझ्या सायकलच्या चेनमागे त्या दिवशी फडकं धरलं होतं. त्याच्या नाही. का ते आठवत नाही.

खोटं लिहिलं. आठवतंय. फडकं भिजलं होतं आणि दुसरं आणायला वर जायचा कंटाळा केला.

३० नोव्हेंबर

दादाशी फोनवर बोलले. सांगितलं नाही.

३ डिसेंबर

डिस्क स्पिरिटने पुसली, पॅड नवे घातले. ब्रेक आता चाक जागच्या जागी धरतो. मग लक्षात आलं — पुरावा मी स्वतःच पुसून टाकला. आता मी बोलले नाही तर कोणालाच कधी कळणार नाही. तो मात्र जन्मभर स्वतःच्या हाताला दोष देत बसेल.

७ डिसेंबर

सांगितलं. तेल, फडकं, सगळं. वहिनी बाजारात गेली होती, ते बरंच झालं.

दादा खुर्चीतून पुढे झुकला. मला वाटलं, आता हाकलून देतो.

"म्हणजे हात ठीक आहे माझा?"

"ब्रेकच लागत नव्हता, दादा. मी फिरवून पाहिलं."

"हात ठीक आहे." हे दुसऱ्यांदा, मला नाही, स्वतःलाच. मग एकदम खुलला. "गाढवे, जीव घेतला असतास माझा! इन्स्पेक्टर म्हणे. आणि सायकल देऊ नकोस हं कोणाला."

परत येताना हलकं वाटत होतं. हे मी त्याच्यासाठी केलं की माझ्यासाठी? ठरवता आलं नाही.

८ डिसेंबर

सकाळी वहिनीचा फोन. "अगं, काय सांगून गेलीस त्याला?" सप्टेंबरपासून त्याच्या डाव्या हातातून कप सुटतायत. पडायच्या कितीतरी आधीपासून शर्टाची बटणं तीच लावून देते. मला सांगायचं नाही, अशी त्याने तिला शपथ घातली होती. "पडला, तेव्हा कुठे डॉक्टरांना हात दाखवायला कबूल झाला. उद्याची वेळ मिळालीय. आणि आता म्हणतो, कशाला जायचं, ते तेल होतं."

उद्या — साडेनऊला दादाला घेऊन डॉक्टरकडे.