शिवू नकोस

किहीम, मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १८५५

चार दिवस माहेरी विसाव्याला आले, तर मागच्या पडवीत घोंगडीवर आत्या वेगळी बसलेली. तिची पाळी जाऊन कैक वर्षं झाली. मग ही बाहेर कशी? वहिनी हसून म्हणाली, "कावळा परत शिवलाय. आत्या तरुण झाल्या!" मला हसू येईना. दवाखान्यात नर्स म्हणून अशा बायका पाहिल्यात मी. येतात त्या फार उशिरा येतात.

"कधीपासून गं?" विचारलं, तर म्हणते, "नवरात्रापासून. अधूनमधून अंगावर जातं." म्हणजे इतके दिवस ती घोंगडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, आणि कुणाला काहीच वाटलं नाही?

तपासते म्हटलं, तर मागे सरकली. "शिवू नकोस, कार्टे!" भांडले. शेवटी दार लावून तपासलंच. आत टणक गाठ लागली, बोट लागताच रक्त आलं. उद्याच मांडव्याहून बोटीने मुंबईला न्यायला हवं, तिथे कॅन्सरवर रेडियमचा उपचार होतो. पण अजून वेळ आहे का? कुणास ठाऊक.

मी हात धूत होते. आत्या पुन्हा घोंगडीवर जाऊन बसली आणि ओशाळून म्हणाली, "माझ्यापायी तुला आता डोक्यावरून न्हावं लागणार."