बोटीवरचा ऑक्सिजन कुणी भरायचा?

भाचेबुवा,

१४ मार्च, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी तू मला फोनवर म्हणालास, "मावशी, ती माझ्याकडे नोकरीला नाहीच मुळी." मी फोन ठेवला आणि लेकीच्या वकीलबाईंना लावला.

त्यांनी तुला पत्र पाठवायला मनाई केली आहे; लिहून फोनवर वाचून दाखवायला नाही.

पाहुण्यांना स्कूबा, म्हणजे पाण्याखाली पोहायला, शिकवण्यासाठी माझ्या लेकीला परदेशी तूच नेलंस. "घरच्या माणसाशी करार कसला?" हेही तुझंच. परवा तिच्याबरोबरचा एक पाहुणा पाण्याखाली बेशुद्ध पडला. तिने त्याला वर आणलं, तर बोटीवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा! तो भरून ठेवणं बोटीच्या मालकाचं काम, म्हणजे तुझं. पाहुणा दगावला, आणि पोलिसांनी धरलं लेकीला, कारण पाण्यात नेणारी ती.

वर मला शिकवतोस, "तिथला कायदा मला लागू होत नाही." समुद्र एका देशाचा, कंपनी दुसऱ्या देशाची, विमा तिसऱ्या देशाचा, आणि कोठडीतली मुलगी तेवढी माझी! शिव्या मलाही येतात, पण कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांचा धाक अजून सुटलेला नाही.

सिलिंडर भरायची जबाबदारी तुझी होती, एवढं तिथल्या पोलिसांना लिहून दे. त्याची प्रत शुक्रवारी दुपारी बाराच्या आत माझ्या हातात हवी.

तुझी आई रोज विचारते, "पोरं मजेत आहेत ना गं?" मी हो म्हणते. शुक्रवारी बारानंतर म्हणणार नाही.

तुझी, अजून तरी,
मावशी