न सापडलेलं पान

कामतघर, भिवंडी
डिसेंबर २००८

प्रिय उन्नती,

तुझी सीडी परवा कुरियरनं मिळाली. राकेशची साइट आता पुन्हा नेटवर दिसतेच आहे, तरी सगळी पानं तू वेगळी उतरवून पाठवलीस, आणि वर बजावलंस, ‘ही कपाटात ठेव, आता कुठल्या कंपनीच्या भरवशावर राहू नकोस.’ ठेवली. बंगळुरात नोकरी सांभाळून, सुट्टीचे दिवस घालवून तू हे केलंस. आपल्या तिघांची कॉलेजातली मैत्री माझ्या नि राकेशच्या लग्नानंतरही एवढी टिकेल, हे मला माहीत नव्हतं.

जूनमध्ये साइट उघडेना तेव्हा वाटलं, आमचं नेटच बंद असेल. मग होस्टिंगवाल्याचा फोन लागेना. ठाण्याला त्याच्या पत्त्यावर गेले, तर तिथं टाइल्सचं दुकान. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, वो लोग तो कब के चले गए.’ घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क व्होल्टेज खालीवर होऊन आधीच उडालेली. राकेशनं शाळेतल्या शिकवण्यातून वेळ काढून, खाडीकाठी भटकून लिहिलेलं सगळं, जाळी, होड्या, चिखलातले निवटे मासे, चिंबोऱ्या आणि ते पकडणारी माणसं, एकदम कुठंच नव्हतं. दुकानाच्या पायरीवर मी किती वेळ बसून राहिले, सांगता येत नाही.

तुला मेल केली आणि तू कामाला लागलीस. जुन्या साइटींच्या प्रती जपून ठेवणारं संग्रहालय नेटवर असतं, हे मला तुझ्याकडून कळलं. तिथं गेल्या वर्षापर्यंतचे लेख सापडले. मजकूर होता, फोटोंच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. नंतरचे काही सर्च इंजिनच्या साठवणीत निघाले. ‘या प्रती कधीही पुसल्या जातील,’ म्हणत तू ते घाईनं उतरवून घेतलेस. मग मला म्हणालीस, ‘शोधायला, आठवतील ती वाक्यं दे. नेहमीची नकोत, फक्त राकेशच लिहील अशी दे.’ ती आठवत बसले तेव्हा बऱ्याच महिन्यांनी मला हसू आलं. अंबाडीच्या मितेश नावाच्या वाचकाला प्रत्येक नवा लेख मेलनं जायचा आणि त्यानं एकही पुसला नव्हता. तू विचारताच त्यानं सगळे धाडले, खाली एक ओळ, ‘सरांना नमस्कार सांगा.’

राहिला एकच, निवटे पकडणाऱ्या ठकुबाईवरचा; तो मितेशला मेल सुरू होण्याआधीचा, आणि संग्रहालयातूनही तेवढाच सुटलेला. त्याबद्दल तू दर मेलमध्ये माफी मागतेस. आणि दर मेलमध्ये विचारतेस, राकेश स्वतः का लिहीत नाही? मी कधी शाळेची गडबड सांगितली, कधी तब्येत बरी नाही एवढंच.

उन्नती, यंदा शिमग्याच्या आदल्या दिवशी राकेश वर्गातच कोसळला. लकव्याचा झटका होता. हातपाय हळूहळू सुधारले, पण बोलणं गेलं. त्याला सगळं समजायचं, शब्द तेवढे येत नसत. स्नेहसंमेलनात माइक न सोडणारा आपला राकेश! कॉलेजातल्या कुणाला कळवायचं म्हटलं की माझा हात धरून मान हलवायचा. मग मी गप्प राहिले. ठाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. पेपर दिला की तो बाजूला सारायचा. बाई म्हणाल्या, त्याचं स्वतःचं लिहिलेलं काही असेल तर बघा. म्हणून जूनमध्ये त्या दिवशी मी साइट उघडायला गेले होते.

तू तेव्हापासून मेलनं पाठवलेलं एकेक पान छापून आणून मी वाचायची, मागून तो. लोडशेडिंगच्या वेळेला बसायचो, कारण तेव्हा आजूबाजूचे पॉवरलूम थांबतात आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. आधी ‘खाडी’ हा शब्द आला, मग ‘ओहोटी’. कधी चिडून कागद भिरकावायचा. एका संध्याकाळी बोयी माशांच्या जाळ्याचा लेख वाचताना थांबला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि स्पष्ट म्हणाला, ‘चूक.’ स्वतःच्याच लेखातली चूक त्यानं काढली होती. न विचारता, आपणहून बोललेला तो पहिला शब्द. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

गेल्या आठवड्यात मी त्याला सांगितलं, ठकुबाईचा लेख काही मिळाला नाही, उन्नतीला फार वाईट वाटतंय. त्यानं वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, ‘लिही.’ आणि त्यानं सांगितला. अडखळत, रोज थोडा. गुडघाभर चिखलात तो रुतला होता आणि निवटे पकडता पकडता ठकुबाई म्हणाली होती, ‘मास्तर, पाय काढ, चप्पल र्‍हाऊ दे. ती कुठं जात न्हाय.’ तिथं तो इतका हसला की आम्हाला थांबावं लागलं. वाक्यं पूर्वीसारखी लांब नाहीत. मी त्यात माझं काहीही घातलेलं नाही. तो लेख सोबत आहे, त्याच्या जागी लाव. शेवटचं वाक्य झाल्यावर त्याला विचारलं, आता तरी उन्नतीला कळवू का? तो म्हणाला, ‘सांग. सगळं.’

तुझीच,
धम्मदिना