संकटाची पिशवी आणि आपल्या कन्येचा पाय

ती. आई,

जावयाचा नमस्कार, आणि तो नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून केलेला आहे असं समजावं. आपली तब्येत ठीक असेल. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आपल्याला कपाटामागची धूळसुद्धा दिसू लागली आहे आणि त्यामुळे वहिनींची झोप उडाली आहे, असं कानावर आलं. आनंद वाटला. (डोळ्याबद्दल. धुळीबद्दल नव्हे.) त्याच डोळ्याने हे पत्र सावकाश वाचावं, उभ्याने वाचू नये, आणि मधली पानं गाळून शेवटाकडे जाऊ नये. आपली कन्या सुखरूप आहे. 'सुखरूप' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. पुढे काहीही वाचनात आलं तरी तो घट्ट धरून ठेवावा.

परवा फोनवर हिने आपल्याला पाय जरा मुरगळलाय एवढंच सांगितलं. तो मुरगळलेला नाही, मोडला आहे. घोट्यापाशी. हे आपल्याला मीच कळवावं असं हिचं म्हणणं, कारण तो मोडण्याचं कारणही मीच आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण मधेच प्रश्न विचारता, आणि आपला पहिलाच प्रश्न असा असतो की त्याच्या उत्तरात माझी सगळी गोष्ट संपते. म्हणून पत्र.

मूळ सगळं त्या ट्रान्सफॉर्मरपासून सुरू झालं. आमच्या गल्लीच्या तोंडावरचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून जळला, आणि दोन दिवस वीज नाही, वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. माझ्या कारखान्यात (एका खोलीला मी कारखाना म्हणतो हे आपल्याला खटकतं, पण तिथे माणसांचे दात तयार होतात, त्या मानाने शब्द लहानच आहे) घासायची मशीन बंद पडली, आणि एक गृहस्थ लग्नाच्या ऐन तोंडावर वरच्या दातांविना परत गेले. संध्याकाळी घरी आलो तर मेणबत्ती नाही, टॉर्चमधले सेल मेलेले, आणि घरात पाणी म्हणून जे काही होतं ते फुलदाणीत. माझे वडील, नाना, त्यांच्या खुर्चीत आणि ही दारात, असे सगळे अंधारात बसलो होतो. तेवढ्यात आमच्या खारूताईने (म्हणजे आपल्या नातीने) विचारलं, "बाबा, आपल्याकडे काहीच कसं नाही?" तिने सहज विचारलं, पण मला ते लागलं. दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवणाऱ्या माणसाच्या घरात काडेपेटीसुद्धा नसावी, हे मनातून जाईना.

तेव्हापासून मी घराची तयारी सुरू केली. पलंगाखाली पाण्याचे कॅन आले. हाताने फिरवायचा टॉर्च आला. (तो जेवढा वेळ फिरवावा त्याच्या निम्मा वेळ जळतो. नानांनी तो एकदा फिरवून पाहिला आणि मनगट चोळत म्हणाले की अंधार बरा.) तांदूळ, डाळ, मीठ, साखर, बिस्किटं, सगळं डबल. गॅलरीत कुंड्या लावल्या, म्हणजे भाजीलाही कोणाचं तोंड पाहायला नको. त्यातून आजवर एक टोमॅटो निघाला, तो आम्ही चौघांनी वाटून खाल्ला. प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी अडकवली, म्हणजे कोणी ढिगाऱ्याखाली सापडलं तर वाजवता यावी. आणि सगळ्यांत शेवटी ती पिशवी. जाड कॅनव्हासची, दोन बंदांची, आत औषधं, बँडेज, कात्री, दोरी, कोरडे कपडे. ही पिशवी बाहेरच्या दाराशी ठेवायची, अंधारात हात घातला की मिळाली पाहिजे, असा माझा नियम होता. आपली कन्या पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, दारात नको. पायात येईल." मी तिला समजावलं की संकटात माणूस कपाट उघडत बसत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही बोलली नाही. आई, ही गप्प बसते तेव्हा काय समजायचं हे आपण मला लग्नाच्या वेळी सांगायला हवं होतं.

एका सुट्टीच्या दिवशी मी रंगीत तालीम घेतली. शिट्टी झाली की सगळ्यांनी असेल तसं उठून जिन्याने खाली उतरायचं. मी शिट्टी वाजवली. खारूताई एका दमात खाली. नानांनी उत्तरादाखल आपली शिट्टी फुंकली, तर वरची कवळी सुटून शिट्टीसकट बाहेर आली. (ती कवळी माझ्या हातची आहे. नाना एवढंच म्हणाले, "तुझंच काम आहे, बाबा." खाली शेजारी उभे होते.) ही आलीच नाही. वर जाऊन पाहतो तर गॅसपाशी उभी. म्हटलं, भूकंप झालाय! तर म्हणाली, "झाला असेल. पण दूध वर आलंय, ते सोडून कशी येऊ?" मी तिला तालमीत नापास केलं.

आता पायाकडे येतो. गेल्या आठवड्यात सकाळी ही धुतलेल्या चादरींचा ढीग दोन्ही हातांत घेऊन गच्चीवर निघाली होती. ढीग हनुवटीपर्यंत. समोरचं दिसत नव्हतं, आणि समोर जे होतं ते मी ठेवलेलं होतं. पिशवीचा बंद पावलात अडकला. मी दाढी करत होतो. मोठा आवाज आला. धावत गेलो तर ही चादरींत पडलेली, चेहरा पांढरा, आणि पाऊल जिकडे असायला हवं त्याच्या भलतीकडेच. बँडेज आणि दुखण्याच्या गोळ्या पिशवीत होत्या, आणि पिशवी हिच्या पायाखाली. ती हळूच ओढून काढली, तर पाणी शिरू नये म्हणून मीच मारलेल्या गाठी सुटेनात. गाठी कापायला कात्री हवी. कात्री पिशवीत. नाना अर्धी दाढी केलेल्या माझ्याकडे बघत होते, मी गाठीकडे, आणि खालून हिचा आवाज आला, अगदी बारीक, पण स्पष्ट, "आधी गॅस बंद करा. मग समोरच्यांना हाक मारा, त्यांची गाडी आहे." आमच्या घरावर आलेल्या पहिल्या खऱ्या संकटात सगळे हुकूम त्या संकटात सापडलेल्या माणसानेच दिले.

दवाखान्यात हाडांचे डॉक्टर फार चांगले भेटले. हाडं जागेवर बसली आहेत, पण दीड महिना पाय जमिनीला लावायचा नाही. मी रोज प्लास्टर कालवतो, आई. जबड्यांचे साचे ओतता ओतता वर्षं गेली. पण हिच्या पायाला ते घालताना मला पाहवेना, आणि काहीतरी बोलायचं म्हणून मी तिथल्या माणसाला म्हटलं की तुमचं प्लास्टर जरा पातळ झालंय. त्याने मला बाहेर बसवलं. योग्य केलं.

घरी आणल्यावर हिला पुढच्या खोलीत खाटेवर निजवलं, आणि मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. तिथे मला कळलं की माझी तयारी कसली होती. महिनाभर पुरेल एवढी डाळ घरात होती. गळ्यात अडकवलेल्या शिट्ट्या चार होत्या, आणि डाळीला शिट्ट्या किती हे आम्हा तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. जिरं कुठलं आणि ओवा कुठला ते कळेना. बाहेरून सूचना यायच्या, "वरच्या फळीवर, डाव्या हाताला, तपकिरी झाकण." प्रत्येक वस्तू हिने न उठता सांगितली, आणि प्रत्येक वस्तू तिथेच सापडली. म्हटलं, डब्यांवर नावं लिहून ठेवतो. तर म्हणाली, "नावं नकोत. झाकण काढून वास घ्या, म्हणजे पुन्हा विचारावं लागणार नाही." (त्यात मिरपूड निघाली. पण आता ती मी कधी विसरणार नाही.) पहिला भात गिच्च गोळा झाला, दुसरा कच्चा. तोवर आम्ही तिघांनी संकटासाठी राखून ठेवलेली बिस्किटं, एकही संकट बाहेरून न येता, संपवली.

हळूहळू जमायला लागलं. नानांनी टेलिफोन खात्यात जन्मभर केबली जोडल्या, म्हणून खारूताईची वेणी त्यांच्याकडे दिली. ती इतकी आवळून घातली जाते की मुलगी दिवसभर चकित झाल्यासारखी दिसते. पण सुटत नाही. बाजारातून पालेभाजी मी आणतो. निवडायला बसतो तेव्हा लक्षात येतं की ही रोज एवढा वेळ बसत होती आणि मी शेजारी बसून तिला भूकंपाबद्दल सांगत होतो.

एक गोष्ट लिहावी की नाही याचा विचार करत होतो, पण लिहितो. परवा दुपारी मी कुकर लावत होतो. खाटेवरून दार उघडं असलं की ओटा दिसतो. मागे वळून पाहिलं तर ही रडत होती. मला वाटलं पाय दुखतोय, गोळी आणायला निघालो. म्हणाली, "पाय नाही दुखत. त्या दिवशी पडले ना, तेव्हा आधी पायाचं नाहीच कळलं. वाटलं, मी आता उठलेच नाही तर? आणि तुम्ही तिघं दिसलात. बंद कुकरसमोर बसलेले."

म्हटलं, "आता तर लावतोय ना." ती म्हणाली, "हो, लावताय. म्हणूनच रडू आलं." मग डोळे पुसून म्हणाली, "शिटी लावायची राहिलीय."

मी शिटी लावली. आई, मी या घरासाठी आग, पूर, भूकंप, सगळ्यांचा विचार केला होता. ही नसली तर, हा एक विचार मी कधी केला नव्हता. तो मला सुचला नव्हता असं नाही. मी त्या बाजूला गेलोच नव्हतो. एवढं मात्र झालं की त्या दुपारपासून मी डाळ शिजवताना घाई करत नाही, आणि ही मधेमधे सूचना द्यायची थांबली आहे. काहीतरी चुकत असलं तरी बघत राहते. चुकू देते. ते बघणं मला डॉक्टरांच्या बिलापेक्षा जड जातं, पण बरंही वाटतं.

तेव्हा आपण अजिबात काळजी करू नये. पायाला सूज नाही, झोप लागते, भूक आहे, आणि तिला खायला घालणारा मी आहे. घर व्यवस्थित चालू आहे. आता आम्ही कोणाच्या आधाराशिवाय राहू शकतो असं म्हणायला हरकत नाही. डोळ्यात औषध वेळेवर घालावं.

आपला जावई

ता.क. वर जे 'व्यवस्थित' लिहिलं आहे ते हिने वाचलं तर बरं वाटावं म्हणून लिहिलं आहे. आई, आपण या. लगेच या. महिनाभर तरी राहा. कालची डाळ खाली लागली, नानांचं पोट बिघडलं आहे, आणि कारखान्यात तीन जण दातांशिवाय वाट पाहत आहेत. आपण स्वतःहून आल्यासारखं दाखवा, मी बोलावलं हे हिला कळू देऊ नका. आपल्याला न्यायला मी स्वतः येतो, फक्त दिवस कळवा.

ता.क. (दुसरं, हे माझं, अक्षर ओळखशीलच.) आई, पाकीट चिकटवायला डिंक कुठे आहे असं विचारायला तुझे जावई पत्र हातात घेऊन माझ्याकडेच आले, तेव्हा वाचून काढलं. तू येऊ नकोस. तू आलीस की तिघेही पाटावर बसतील आणि तू ओट्याशी उभी राहशील, मी ओळखून आहे. कालची डाळ खाली लागली होती हे खरं, पण वरची चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली. नानांचं पोट बिस्किटांनी बिघडलंय. थोडे दिवस जाऊ देत. मला चालता यायला लागलं की मीच तुझ्याकडे येते. एकटी. चांगली महिनाभर राहायला. यांना अजून सांगितलेलं नाही.