उतारावरचं डिझेल

आई, भिवंडीच्या त्या प्रसूतिगृहात तू आयाबाई होतीस, पण फाटकापासून दारापर्यंतचा डांबरी उतारही तू आपलाच मानला होतास. पावसाळ्याआधी कडेचं गटार मोकळं करायचीस, फटींतलं गवत मुळासकट उपटायचीस, शेवाळ धरलं की खराट्याने घासून काढायचीस. हे तुझं काम आहे का, असं कुणी विचारलं तर म्हणायचीस, "दोन जिवांची बाई हितनं चालत येते. तिचा पाय सरकून कसा चालंल?"

नव्वद सालाच्या आधीची एक दुपार मला अजून दिसते. कॉलेजातून घरी जाताना मी तुझ्याकडे थांबले होते. सामान उतरवून गेलेल्या टेम्पोची टाकी गळली होती आणि उतारभर डिझेल चमकत होतं. पाणी मारलं तर ते आणखी पसरेल, म्हणून तू शेजारच्या लूमवरून, यंत्रमागाच्या कारखान्यातून, सुताच्या वेस्टची, टाकाऊ धाग्यांची गोणी ओढत आणतेस आणि गुडघ्यांवर बसून डिझेल टिपू लागतेस. भिंतीकडेची एक पट्टी टिपून तिच्यावर वाळू टाकतेस, तेवढ्यात फाटकाशी गाडी येते. पुढे एक लूममालक, मागे कळा सुरू झालेली त्याची सून.

"गेट खोलो!" तो ओरडतो. तू फाटकात आडवी उभी राहतेस.

"शेठ, गाडी आत न्हाय येनार. घसरंल."

"कल से तू इधर नहीं दिखेगी!"

"उद्याचं उद्या बघू. आता सुनेला उतरवा."

तिचा एक हात तू धरलास, दुसरा मी. वाळूच्या पट्टीवरून आपण तिला सावकाश आत नेलं. ती कण्हत होती, आणि तू तिला "हां बेटा, बस आ गए," म्हणत होतीस.

संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा तू पुन्हा उतारावर बसून साबणाची पूड घासत होतीस. त्याने चपला काढून हातात घेतल्या आणि तुझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "पोती हुई है, बाई."

"मुबारक हो, शेठ," तू म्हणालीस. "जरा बाजूला व्हा. तिथं अजून ओलं हाय."

दुसऱ्या दिवशी तू नेहमीच्या वेळेला ड्युटीवर गेलीस. घरी त्या गोष्टीचा विषयसुद्धा काढला नाहीस.

आता तू नाहीस, हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? इथेच, माझ्या वहीत राहू दे. आज माझ्या हाताखाली माणसं आहेत, तरी कुणी आवाज चढवला की मी अजूनही आधी खाली बघते, कुणाचा पाय सरकेल असं काही सांडलं नाही ना, आई.